मशीन ९८ दाखवतंय, मग आईला दम का लागतो?

पत्र :

ताई, मी केज तालुक्यातली. बारावीला आहे, सायन्स घेतलंय. आई-वडील ऊसतोडीला जातात. यंदा पाडव्याच्या आधी चार दिवस परत आले. आल्यापासून आईला दम लागतो. हापशावरून एक घागर आणली तरी उंबऱ्यात बसून राहते. डोळ्यापुढं अंधारी येते म्हणते, रात्री पायात गोळे येतात. एकदा मी तिला चुलीतली भाजकी माती खाताना पाहिलं. आशाताईंनी तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं. तिथं रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ६.८ निघालं. डॉक्टर म्हणाले, रक्त फार कमी आहे, मोठ्या दवाखान्यात दाखवा, कदाचित रक्त चढवावं लागेल.

त्याच दिवशी मामा आले. त्यांच्याकडे करोनात घेतलेलं बोटाला लावायचं मशीन आहे. आईला लावलं तर ९८ आलं. दुसऱ्या बोटाला लावलं, तरी ९८. मामा म्हणाले, "रक्तात आक्सिजन ९८ टक्के हाय. मग कमी काय हाय? कामून उगं हिंडायचं?" आईला तेच पाहिजे होतं. ती म्हणते, "मला काय धाड भरलीय?" आता जायलाच तयार नाही. बीट आणि गूळ खात बसलीय.

आमच्या पुस्तकात आहे की रक्तातला ऑक्सिजन हिमोग्लोबिनच वाहून नेतं. मग हिमोग्लोबिन निम्मं असताना ऑक्सिजन ९८ टक्के कसा? दोन्हींतलं एक मशीन खोटं आहे का? की मलाच पुस्तक कळलं नाही? आणि मामांना काय सांगू?

उत्तर :

बाळ,

आधी उत्तर देते, मग कारण. दोन्ही मशीनं खरी आहेत. पुस्तक खरं आहे आणि तुला ते नीट कळलंय, म्हणून तर हा प्रश्न पडला. मामांनी पाहिलेला आकडाही खरा. पण तो आकडा सांगतोय एक आणि आईचं दुखणं आहे दुसरंच. ६.८ हिमोग्लोबिन असलेल्या बाईला घरी बसवून ठेवायचं नसतं. याच आठवड्यात तिला न्या. बसल्या जागी धाप लागत असेल, छातीत दुखत असेल, पावलांवर सूज असेल किंवा चक्कर येऊन पडली असेल, तर आठवडाही थांबू नका, लगेच १०८ला फोन करा.

पण मामांना पटल्याशिवाय आई गाडीत बसणार नाही, हे तुझ्या पत्रावरून दिसतंय. म्हणून सगळं खोलात लिहिते. संध्याकाळी दोघांना समोर बसव आणि वाचून दाखव.

मामांना एप्रिल २०१६ आठवत असेल. लातूरला प्यायला पाणी उरलं नव्हतं आणि मिरजेहून रेल्वेनं आणावं लागलं होतं. 'जलदूत' म्हणायचे त्या गाडीला. पहिली गाडी १० वाघिणींची, म्हणजे पाण्याच्या टाकीच्या डब्यांची होती, तिच्यातून सुमारे ५ लाख लिटर पाणी आलं. पुढं ५० वाघिणींची गाडी सुरू झाली, ती एका खेपेला २५ लाख लिटर आणायची.

आता असं समज, लातूर स्टेशनावर एक माणूस उभा केलाय. त्याला एवढंच बघायला सांगितलंय की आलेल्या वाघिणी भरलेल्या आहेत की रिकाम्या. १० वाघिणींची गाडी आली, सगळ्या काठोकाठ. तो म्हणणार, "शंभर टक्के भरलीय." ५० वाघिणींची आली, तरी तो म्हणणार, "शंभर टक्के भरलीय." दोन्ही वेळा तो खरंच बोलला. पण लातूरच्या घरांत घागरी किती भरल्या, हे त्याच्या उत्तरावरून कळेल का?

बोटाचं ऑक्सिमीटर म्हणजे स्टेशनावरचा तो माणूस. आईच्या अंगात जेवढं हिमोग्लोबिन आहे, त्यातल्या शंभर जागांपैकी किती जागांवर ऑक्सिजन बसलाय, एवढंच ते सांगतं. ९८ जागा भरल्यात. म्हणजे तिची फुप्फुसं चांगली आहेत, गाडी भरण्याचं काम चोख चाललंय. वाघिणी मात्र निम्म्याच उरल्यात, आणि त्या मोजण्याचं काम आरोग्य केंद्रातल्या तपासणीनं केलं.

घोळ व्हायला आपलं बोलणंही कारण आहे. आपल्याकडे 'सात टक्के रक्त' असंच म्हणतात. रिपोर्टवर 'ग्रॅम टक्के' छापलेलं असतं, त्यातला ग्रॅम गळून पडतो आणि टक्के तेवढे राहतात. ६.८ म्हणजे १०० मिलिलिटर रक्तात ६.८ ग्रॅम हिमोग्लोबिन. हे वजन आहे. बाईमाणसाला ते १२च्या खाली असलं की रक्त कमी समजायचं, पुरुषाला १३च्या खाली, आणि गरोदर नसलेल्या बाईला ८च्या खाली गेलं की ते 'तीव्र'मध्ये मोडतं. मशीनवरचे ९८ टक्के मात्र खरोखरचे टक्के, शंभरातले अठ्ठ्याण्णव. दोन्हीकडे 'टक्के' ऐकलं की माणूस ९८ आणि ७ एकाच तराजूत टाकतो. मामांचंही तेच झालं.

मामांचं मशीन हातात घेऊन बघ. आत तांबडा प्रकाश दिसतो. त्याच्या जोडीला डोळ्याला न दिसणारा अवरक्त प्रकाशही असतो. ऑक्सिजन सोडून दिलेलं हिमोग्लोबिन तांबडा प्रकाश जास्त अडवतं, ऑक्सिजन घेतलेलं कमी अडवतं. अवरक्ताचं याच्या उलट. नाडीच्या प्रत्येक ठोक्याला बोटात ताजं रक्त येतं, त्यात हे दोन्ही प्रकाश किती अडले याचा भागाकार मशीन करतं. भागाकार केला की रक्तात हिमोग्लोबिन एकूण किती हा हिशोब वरून आणि खालून सारखाच कटून जातो, उरतं फक्त प्रमाण. जपानच्या ताकुओ आओयागी यांनी ही युक्ती मांडली, १९७४ साली. एप्रिल २०२० मध्ये ते गेले, जगभर लोक हेच मशीन बोटाला लावून बसले होते त्याच दिवसांत. फार मोठं काम आहे त्यांचं. पण त्यांचं यंत्र जे मोजत नाही, ते त्याला विचारून उपयोग नाही.

आता तुझ्या पुस्तकाकडे येते, कारण आईला दम का लागतो याचं उत्तर तिथंच आहे.

एका तांबड्या पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे २७ कोटी रेणू असतात. प्रत्येक रेणू चार साखळ्यांचा, दोन अल्फा आणि दोन बीटा. प्रत्येक साखळीत हीम नावाचा एक छोटा घटक, प्रत्येक हीमच्या मधोमध लोहाचा एकच अणू. ऑक्सिजन बसतो तो या लोहावर. म्हणून एका रेणूवर चार. मला आजही नवल वाटतं ते याचं, की उघड्यावर ठेवलेला कोयता एका पावसात गंजतो, आणि इथं लोह आणि ऑक्सिजन दिवसभर एकमेकांना भेटतात तरी लोह गंजत नाही. भोवतालची प्रथिनाची घडी त्याला सांभाळते. ऑक्सिजन बसतो आणि ठरल्या ठिकाणी उतरून जातो.

बसण्याची रीत आपल्या पंगतीसारखी. पहिला माणूस पाटावर बसायला संकोचतो. एक बसला की बाकीचे पटापट बसतात. पहिला ऑक्सिजन बसला की रेणूचा आकार थोडा बदलतो आणि पुढच्यांना बसणं सोपं होतं. उठतानाही तसंच, एक उठला की दुसरा उठतो. पुस्तकात तो इंग्रजी 'एस'सारखा आलेख आहे ना, तो या पंगतीचा आलेख. फुप्फुसात ऑक्सिजनचा दाब पाऱ्याच्या १०० मिलिमीटरच्या आसपास असतो, तिथं ९७-९८ टक्के जागा भरतात. निवांत बसलेल्या माणसाच्या शरीरात पेशींजवळ दाब ४० असतो, तिथं ७५ टक्के जागा भरलेल्या राहतात, म्हणजे चारांतला एक उतरतो. राबणाऱ्या स्नायूत दाब २०वर आला की जेमतेम ३५ टक्के उरतात. जिथं गरज जास्त तिथं माल जास्त उतरतो, आणि हे कुणी वरून हुकूम न देता.

त्यातही एक बारकावा आहे. कोयता चालवणारा दंड तापतो, त्यात आम्ल साचतं, कार्बन डायऑक्साइड वाढतो. या तिन्हींमुळं हिमोग्लोबिनची पकड ढिली पडते आणि ते तिथं आणखी ऑक्सिजन सोडतं. कार्बन डायऑक्साइडचा हा परिणाम कोपनहेगनच्या ख्रिश्चन बोर यांनी १९०४ मध्ये दाखवला. तुझ्या भौतिकशास्त्रात अणूचं चित्र आहे ज्यांच्या नावाचं, त्या नील्स बोर यांचे हे वडील.

कार्बन डायऑक्साइडबद्दल तू विचारलं नाहीस, पण परीक्षेत हमखास चूक होते म्हणून सांगते. तो ऑक्सिजनच्या पाटावर बसत नाही. त्यातला सुमारे ७० टक्के तांबड्या पेशीत जाऊन बायकार्बोनेट होतो आणि रक्ताच्या पाण्यातून जातो. २० टक्क्यांच्या आसपास हिमोग्लोबिनच्या साखळ्यांच्या टोकांना चिकटतो, लोहाला नाही. उरलेला तसाच विरघळलेला. ऑक्सिजन उतरला की हिमोग्लोबिन कार्बन डायऑक्साइड जास्त उचलतं, आणि फुप्फुसात ऑक्सिजन चढला की तो सोडून देतं. परतीच्या खेपेलाही गाडी रिकामी जात नाही.

आता वही-पेन घे, आईचा हिशोब मांडू. १ ग्रॅम हिमोग्लोबिन जास्तीत जास्त १.३४ मिलिलिटर ऑक्सिजन धरतं. चांगल्या तब्येतीच्या बाईचं हिमोग्लोबिन १३.५ धर. १३.५ गुणिले १.३४, त्याचे ९८ टक्के, म्हणजे १०० मिलिलिटर रक्तात १७.७ मिलिलिटर ऑक्सिजन. आईचं ६.८ गुणिले १.३४, त्याचेही ९८ टक्केच, आले ८.९. मशीनवर दोघींचा आकडा एकच, पण एकीकडे दुसरीच्या निम्मा माल.

निवांत असताना हृदय मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त ढकलतं. म्हणजे चांगल्या बाईच्या शरीराला मिनिटाला ८८५ मिलिलिटर ऑक्सिजन पोचतो, आईला ४४५. बाजेवर बसलेल्या शरीराला लागतो साधारण २५०. म्हणून बसल्यावर आई तुला बरी दिसते. पण घागर उचलली, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायची वेळ आली, की गरज कितीतरी पटींनी वाढते. चांगल्या बाईजवळ शिल्लक असते. आईजवळ नाही. मग तिचं हृदय तेवढंच रक्त दुप्पट वेगानं फिरवायला बघतं, छाती धडधडते, श्वास भरभर चालतो. उंबऱ्यात बसते ती आळसानं बसत नाही, एवढं मामांना नक्की सांग.

मामांनी मशीन लावलं तेव्हा त्यावर दुसराही एक आकडा असणार, नाडीचा. तो कुणी वाचला नाही. आता पुन्हा लावा आणि तो वाचा, आई बसलेली असताना एकदा आणि अंगणात चार चकरा मारल्यावर एकदा. दोन्ही आकडे कागदावर लिहून डॉक्टरांना दाखवा. ९८वर विश्वास ठेवणारे मामा त्याच मशीनचा दुसरा आकडा नाकारणार नाहीत.

मामा विचारतील, मग एवढं कमी असताना तिनं हंगाम कसा काढला? रक्त हळूहळू घटतं तेव्हा शरीर सवड काढतं. तांबड्या पेशीत २,३-डीपीजी नावाचा पदार्थ वाढतो. तो हिमोग्लोबिनच्या साखळ्यांमधल्या फटीत बसतो आणि ऑक्सिजन सोडायला लावतो. म्हणजे आहे तेवढ्या गाड्यांतून जास्त माल उतरवून घ्यायचा. या आधारावर आपल्या बायका महिनोन् महिने राबतात, आणि घरातल्यांना वाटतं, चाललंय की सगळं. दुसरी फसगत रंगाची. आपल्याला वाटतं ऑक्सिजन कमी पडला की ओठ निळे पडतील. पण निळेपणा दिसायला १०० मिलिलिटर रक्तात सुमारे ५ ग्रॅम तरी ऑक्सिजन सोडलेलं हिमोग्लोबिन असावं लागतं. आईजवळ सगळं मिळूनच ६.८ आहे. ती निळी पडणार नाही, पांढरी पडेल. उजेडात तिच्या डोळ्याची खालची पापणी हलकेच ओढून बघ, आतली बाजू तांबूस आहे का. जीभ बघ. तळहाताच्या रेषा बघ. मग तुझा तळहात तिच्या शेजारी ठेवून मामांना दाखव.

हे मी इतकं पोटतिडकीनं का लिहितेय, तेही सांगते. मी आयुष्यभर शरीरक्रियाशास्त्र शिकवलं. २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या माझ्या मावशीचा फोन आला, जिना चढताना दम लागतो म्हणून. करोनाचे दिवस. मी विचारलं, मशीन किती दाखवतं? ती म्हणाली, ९९. मी म्हणाले, मग घाबरू नकोस. गावातल्या दवाखान्यातही बोटाला मशीन लावून, ९९ बघून तिला घरी पाठवलं होतं. तीन आठवड्यांनी ती देवघरासमोर पडली. हिमोग्लोबिन ५.१ निघालं. वाचली, पण ज्या प्रश्नाचं उत्तर मी दर वर्षी वर्गात फळ्यावर लिहायचे, तोच प्रश्न फोनवर आला तेव्हा मला ओळखता आला नाही. तुला तो ओळखता आला.

एका वायूबद्दल सावध करते, कारण ऊसतोडीला गेलात की तुम्ही पुन्हा कोपीत, त्या झोपडीत राहाल. पाचटाच्या कोपीत चूल पेटते, थंडीत शेगडी आत घेऊन झोपतात. अर्धवट जळणाऱ्या लाकूड-कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. हा मात्र थेट ऑक्सिजनच्या पाटावर बसतो, आणि हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पटींनी घट्ट चिकटतो. जे ऑक्सिजन उरतात त्यांनाही उतरू देत नाही. आणि बोटाचं मशीन त्याला ऑक्सिजनच समजतं. माणूस बेशुद्ध पडत असतानाही आकडा चांगला दाखवू शकतं. आधीच निम्म्या वाघिणी असलेल्या बाईला हा धूर परवडणारा नाही. शेगडी बाहेर विझवून मग झोपा. चुलीसमोर डोकं दुखून मळमळायला लागलं तर आधी मोकळ्या हवेत या.

आता दवाखान्यात काय होईल ते. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत तपासणी आणि उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्यात मोफत आहेत. तेव्हा पैशाची भीती मनातून काढा. रक्ताची पूर्ण तपासणी करतील, पेशींचा आकार बघतील. लोह कमी असेल तर पेशी लहान आणि फिकट दिसतात. बी-१२ किंवा फॉलिक ॲसिड कमी असेल तर मोठ्या. लोहाचा साठा बघायला फेरिटिन करतात. घराण्यात कुणाला सिकलसेल किंवा थॅलेसेमिया असेल तर ते आवर्जून सांगा, कारण तिथं वाघिणींचा घाटच वेगळा असतो आणि उपायही वेगळा. माती खाते, हेही सांग. आई लाजेल, पण लोह कमी असलं की माती, खापर, पाटीवरची पेन्सिल, कच्चे तांदूळ खावेसे वाटतात. ते दुखण्याचं लक्षण आहे, वाईट सवय नव्हे.

रक्त चढवायचं की शिरेतून लोहाचं इंजेक्शन द्यायचं की गोळ्यांवर भागेल, हे तिची अवस्था बघून डॉक्टर ठरवतील. एक पिशवी चढवली की हिमोग्लोबिन साधारण १ ग्रॅमनं वाढतं. 'एकदा रक्त चढवलं की सवय लागते' हे खोटं आहे, मामा म्हणाले तर ऐकू नका. नुसता ऑक्सिजनचा मास्क लावूनही हे दुखणं जात नाही. हिमोग्लोबिनशिवाय रक्तात विरघळणारा ऑक्सिजन १०० मिलिलिटरला अवघा ०.३ मिलिलिटर असतो. शुद्ध ऑक्सिजन हुंगला तरी तो २च्या आसपास जातो.

बीट आणि गुळाबद्दल मला स्पष्ट बोलू दे. बीट तांबडं आहे म्हणून रक्त वाढवतं, ही समजूत घराघरात आहे. त्याचा रंग वेगळ्याच द्रव्याचा, लोहाशी त्याचा संबंध नाही. १०० ग्रॅम बीटमध्ये जेमतेम ०.८ मिलिग्रॅम लोह असतं. ४५ किलो वजनाच्या बाईला ६.८वरून १२वर जायला आणि साठा भरायला ढोबळ हिशोबानं १००० मिलिग्रॅम लोह लागतं. बीटमधल्या लोहाचा दहावा भाग अंगी लागला असं धरलं तरी आईला साडेबारा क्विंटल बीट खावं लागेल. गूळही आपण खातो तो खडाभर, त्यातून मिळतं ते थोडंच. खाणं सुधारायचंच आहे: बाजरी, तीळ, शेंगदाणे, हरभऱ्याची आणि राजगिऱ्याची भाजी, वर लिंबू पिळून, चालत असेल तर मटण आणि काळीज, कारण त्यातलं लोह शरीर जास्त सहज घेतं. पण एवढा मोठा खड्डा नुसत्या खाण्यानं भरत नाही. औषध लागतं.

आशाताईंच्या तांबड्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं. ती चहाबरोबर घेतली तर बरीचशी वाया जाते. चहाच्या आधी-नंतर तासभर तरी अंतर ठेवायचं, आणि कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळेला. लिंबूपाण्याबरोबर घेतली तर उत्तम. मळमळलं तर रात्री जेवणानंतर घ्यावी, पण सोडू नये. शौचाला काळं होतं, ते लोहामुळं, घाबरायचं नाही. गोळी सुरू नसताना डांबरासारखं काळं आणि चिकट होत असेल तर मात्र त्याच दिवशी दवाखाना. एक दिवस विसरली म्हणून दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत.

आणि सर्वांत महत्त्वाचं, रक्त जातंय कुठं ते शोधा. आईला पाळी किती दिवस येते, गाठी पडतात का, रात्री उठून कपडा बदलावा लागतो का, हे तू तिला एकटीला विचार. मामांसमोर नको. पाळीत ८० मिलिलिटरहून जास्त रक्त जाणं म्हणजे जास्तच. जेवणातून शरीर दिवसाला जेमतेम १ ते २ मिलिग्रॅम लोह उचलतं. चांगल्या बाईचं ८० मिलिलिटर रक्त गेलं की त्यातून सुमारे ४० मिलिग्रॅम जातं. महिन्याची सगळी कमाई तिथंच संपली. त्यावर गोळ्या-औषधं आहेत, तपासण्या आहेत. 'गर्भपिशवी काढून टाका' असं कुणी पहिल्याच भेटीत म्हणालं तर तिथं हो म्हणू नका, सरकारी रुग्णालयातल्या स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचा प्रश्न २०१९ मध्ये इतका पेटला की सरकारला समिती नेमावी लागली. तुझ्या आईनं त्या वाटेनं जाऊ नये. शिवाय शेतात अनवाणी हिंडणाऱ्यांच्या तळव्यातून अंकुशकृमीची अळी शिरते, तो जंत आतड्याला चिकटून रक्त पितो. शौचाची तपासणी करून घ्या आणि आईला पायात चप्पल घालायला लाव.

आता दिवसांचा हिशोब. पाडवा झाला, दसरा, म्हणजे पुन्हा तोडीला निघायची वेळ, सहा महिन्यांवर. औषध नीट लागू पडलं तर तीन-चार आठवड्यांत हिमोग्लोबिन १ ते २ ग्रॅमनं वाढतं. म्हणून महिन्यानं पुन्हा तपासा. वाढलं नाही तर गोळ्या तशाच रेटू नका, कारण वेगळं असेल, पुन्हा दाखवा. आकडा १२वर गेल्यावरही तीन महिने गोळी चालू ठेवायची, साठा त्यानंतर भरतो. मुकादम हंगामाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे द्यायला येईल त्याच्या आधी, पोळ्याच्या सुमारास, एकदा तपासून घ्या. तेव्हाही आकडा १०च्या खाली असेल तर यंदा आईच्या नावानं उचल घेऊ नका. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, एकट्या वडिलांवर भार येईल, घरात ओढाताण होईल, मला कळतं. पण ८.९ मिलिलिटरवर मोळ्या वाहायला तिला पुन्हा पाठवणं मला कुठल्याही हिशोबात बसवता येत नाही.

दवाखान्यात जाशील तेव्हा एक नळी तुझ्याही रक्ताची देऊन ये. शाळेत दर आठवड्याला मिळायची ती लोहाची निळी गोळी तू किती वेळा घेतलीस आणि किती वेळा दप्तरात ठेवलीस, ते तुलाच माहीत. दोघींचे रिपोर्ट आले की आकडे मला लिहून कळव, आईच्या नाडीचे दोन्ही आकडेसुद्धा.

तुझी,
ताई